पिशवीभर संत्री



दिवाळीच्या सुमारास काटोलकडचे एक गृहस्थ आमच्या ओपीडीत आले. कडेवर तीन वर्षांची मुलगी आणि हातात पिशवीभर आंबिया बहाराची संत्री. महिन्याभरापूर्वी मुलीला तापात झटके आले होते. "मॅडम, तुमच्यामुळंच पोरगी हाती लागली," ते म्हणाले. मला जरा अवघडल्यासारखं झालं, कारण मुलगी माझ्यापर्यंत पोचली तेव्हा निम्मं काम आधीच झालेलं होतं.

तिच्या केसपेपरवर आईनं सांगितलेली हकिकत आहे. झटका सुरू होताच तिनं घड्याळ पाहिलं, लेकीला कुशीवर निजवलं. शेजारच्या आजी कांदा घेऊन धावल्या, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं, कुणी दातांत चमचा धरायला सांगितलं. आईनं यातलं काहीच होऊ दिलं नाही. बहुतेक वेळा तापातला झटका दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. हा पाच मिनिटांनंतरही थांबेना, तेव्हा तिनं रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन लावला. महाराष्ट्रात ही सेवा २०१४पासून आहे. गाडीतल्या डॉक्टरांनी नाकात औषधाचा फवारा मारला, ऑक्सिजन लावला आणि वाटेतच झटका थांबला. आम्ही तापाचं कारण शोधून उपचार केले, एवढंच.

तुम्हीही एवढं ध्यानात ठेवा : झटका पाच मिनिटांच्या पुढं गेला, किंवा थांबून लगेच पुन्हा आला, तर वाट पाहायची नाही. खोकला किंवा धाप असेल, तर बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे साठ किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे पन्नास किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, मूल अंगावर पीत नसेल, हाक मारूनही नीट जागं होत नसेल, तर रात्र असली तरी निघा.

आणि लघवी. हे आईवडील हमखास सांगायचं विसरतात. २०२५च्या सप्टेंबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातून मुलं नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. साधा ताप-खोकला झालेला, आणि मग लघवी बंद. इतक्या लांबून आलेल्या त्या लेकरांच्या किडन्या निकामी होत होत्या. किडनीचा तुकडा तपासल्यावर विषाचा संशय बळावला आणि बोट खोकल्याच्या औषधाकडं गेलं. 'कोल्ड्रिफ' सिरपच्या नमुन्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. औषधात ते ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नये. वीसहून अधिक मुलं दगावली. काही मोजकी दीर्घ डायलिसिसनंतर घरी परतली.

म्हणून मूल घेऊन निघताना घरात दिलेली प्रत्येक बाटली सोबत घ्या, रिकामी असली तरी. शेवटची लघवी किती वाजता झाली, तेही सांगा. दोन वर्षांखालच्या मुलाला खोकल्याचं सिरप द्यायचंच नाही. पाचपर्यंतही सहसा नको, असा केंद्राचा सल्ला ऑक्टोबर २०२५मध्ये आला. मेडिकल दुकानातून आपल्या मनानं तर मुळीच नको.

बरं झाल्यावर आभार मानायला पेढे, बर्फी येते. माणसं पाया पडायला वाकतात, ते मला मुळीच आवडत नाही. खरं सांगू? मला पेढ्यांपेक्षा ठरल्या तारखेला फाइल घेऊन आलेले आईवडील आवडतात. घरी गेल्यावर मुलानं पुन्हा खेळायला सुरुवात केली का, हे आम्हाला वॉर्डात कधी दिसतच नाही. आणि जमलं तर रक्तपेढीत एक बाटली रक्त द्या. तुमच्या बाळाला लागलेलं रक्तही कुणीतरी अनोळखी माणसानंच दिलेलं होतं.

त्या काटोलच्या वडिलांना मी म्हटलं, "यातली अर्धी संत्री त्या गाडीवरच्या डॉक्टरांना आणि ड्रायव्हरदादाला नेऊन द्या."

ते हसले. "त्यांना आधीच देऊन आलो ना जी! हे तुमचेवाले आहेत."