‘बॉम्बे’ रक्तगट आणि आपण
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



एका रक्तगटाला आपल्या मुंबईचे नाव आहे, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहे? 1952 साली डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध केली. साध्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ दिसे. परंतु त्या माणसास ‘ओ’ रक्तही चालत नसे.

असे का व्हावे? आपल्या रक्तपेशींवर ‘एच’ नावाचा पदार्थ असतो. त्याला इमारतीचे जोते समजा. त्यावर ‘ए’ किंवा ‘बी’चा मजला चढतो. ‘ओ’ गटात नुसते जोतेच असते. ‘बॉम्बे’ गटात जोतेच नसते. म्हणून ‘ओ’ रक्तातील ‘एच’ही त्या शरीरास परका वाटतो, आणि ते रक्त चढविल्यास प्राणावर बेतते.

हे जोते घालणारे जनुक आईकडून एक व वडिलांकडून एक असे येते. एक जरी चांगले असले तरी काम भागते. दोन्ही सदोष आली तरच ‘बॉम्बे’ गट होतो. असा एकेक दोष बाळगणारे आईवडील स्वतः ठणठणीत असतात. पण त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा गट येण्याचा संभव चारांत एक असतो. भारतातील बहुतेक ‘बॉम्बे’ व्यक्तींत या जनुकातील एकाच जागी तोच बदल सापडतो. यावरून तो एखाद्या प्राचीन समाईक पूर्वजाकडून आला असावा, असे तज्ज्ञ मानतात. महाराष्ट्र व कर्नाटकात असे लोक बरेच आढळले आहेत, आणि आपले सोलापूर तर या दोहोंच्या सीमेवर आहे.

आपल्यात चुलत, मामे, मावस भावंडांत निकाह होतात. या भागातील हिंदू बांधवांतही मामाची मुलगी करण्याची चाल आहे. सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याचा संभव सोळांत एक असतो. ‘बॉम्बे’ गट हा रोग नव्हे. पण थॅलेसेमियासारखा कठीण आजारही याच नियमाने उतरतो. म्हणून नाते ठरविण्यापूर्वी रक्ततपासणी करून घ्यावी. त्यात कमीपणा कसला?

आणखी दोन गोष्टी. रक्तगट ‘ओ’ निघाल्यास सिरमचीही तपासणी झाली का, हे अवश्य विचारा. ‘बॉम्बे’ निघाल्यास आधी सख्ख्या भावंडांचे रक्त तपासा व रक्तपेढीत नाव नोंदवा. दुसरे असे की, या गटात ‘ए’ वा ‘बी’चे जनुक लपून राहते. त्यामुळे ‘ओ’ समजल्या गेलेल्या आईचे मूल ‘एबी’ निघू शकते. अज्ञानापोटी त्या माउलीवर संशय घेणे हा घोर अन्याय होय.

विद्यार्थी मित्रांनो, हे ज्ञान आज घरी जाऊन सांगा.