‘दिसलं, सर’च्या पलीकडे



पॅथॉलॉजी शिकवणाऱ्यांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. आज मी बोलणार आहे ते आपल्या प्रॅक्टिकल हॉलबद्दल. माझं निम्मं आयुष्य त्या हॉलमध्ये गेलं आहे.

मी दुसऱ्या एमबीबीएसला असतानाची गोष्ट. क्षयाच्या लसीकाग्रंथीची स्लाइड होती. सरांनी लँगहान्स जायंट सेल शोधून तिच्यावर पॉइंटर लावून ठेवला होता. आयपीसमध्ये केस चिकटवून केलेला तो पॉइंटर तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. पंधरा जणांची रांग होती. माझी पाळी आली तेव्हा मला माझ्याच पापण्या दिसल्या आणि त्यांच्यामागे गुलाबी धुकं. मागचा मुलगा घाई करत होता. सरांनी विचारलं, “दिसली का?” मी म्हणालो, “दिसली, सर.” संध्याकाळी पुस्तकातलं चित्र बघून जर्नलमध्ये गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी जायंट सेल काढली आणि त्यावर सहीही मिळाली. ती पेशी मला खरोखर दिसली तीन वर्षांनी, रात्रीच्या शांत लॅबमध्ये एकटा बसलो असताना. घोड्याच्या नालेसारखी कडेनं मांडलेली केंद्रकं पाहून माझ्या अंगावर काटा आला.

‘दिसलं, सर’ हे आपल्या विषयातलं सर्वांत जुनं असत्य आहे, आणि ते बोलायला आपणच विद्यार्थ्यांना भाग पाडत आलो. पण सगळा दोष शिक्षकांचा नव्हता. मायक्रोस्कोपमधून एका वेळी एकच माणूस पाहू शकतो, ही मूळ अडचण होती. रुडॉल्फ फिरखो, ज्यांना आपण वर्गात व्हिर्चो म्हणतो, त्यांनाही ती जाणवली होती. पेशी हेच रोगाचं घर आहे हे सांगणारा त्यांचा ग्रंथ १८५८ साली आला, तो बर्लिनमध्ये डॉक्टरांपुढे दिलेल्या व्याख्यानांतूनच. त्यांच्या वर्गात टेबलांवर छोटे रूळ बसवलेले असत आणि त्यांवरून मायक्रोस्कोप एका विद्यार्थ्यापासून दुसऱ्याकडे सरकत जात. पुढे प्रोजेक्टर आले, मल्टीहेडेड मायक्रोस्कोप आले. पण दीडशे विद्यार्थ्यांच्या तुकडीला त्यांचा आधार तोकडाच पडला.

आज स्लाइड स्कॅनरनं ही अडचण दूर केली आहे. तो काय करतो, हे नव्या सहकाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. चाळीस एक्सच्या दर्जाच्या स्कॅनमध्ये प्रतिमेचा एक बिंदू साधारण पाव मायक्रॉन जागा व्यापतो. पंधरा मिलिमीटर लांब-रुंद सेक्शनची प्रतिमा त्या हिशेबानं आडवी साठ हजार आणि उभी साठ हजार बिंदूंची, म्हणजे एकूण ३६० कोटी बिंदूंची होते. ही माहिती आकुंचित न करता ठेवली तर ती दहा जीबीच्या पुढे जाते. मग ती साध्या मोबाइलवर कशी उघडते? प्रतिमा लहान-लहान चौकोनांत कापून आणि वेगवेगळ्या विवर्धनाच्या थरांत रचून ठेवलेली असते. आपण जिथे पाहतो तेवढेच चौकोन पडद्यावर येतात. नकाशात आधी जिल्हा, मग गाव, मग गल्ली दिसावी, तसंच हे आहे.

यामुळे वर्गात काय बदललं, ते मी स्वतः अनुभवलं. यकृताची स्लाइड पडद्यावर लावली की मी मध्यशिरेवर बोट ठेवू शकतो. मागच्या बाकावरची मुलगी म्हणू शकते, “सर, थोडं डावीकडे घ्या, तिथं वेगळं काहीतरी आहे.” आम्ही दोघं एकाच जागेकडे पाहत असतो आणि चूक झालीच तर ती सगळ्यांसमोर, मोकळेपणानं दुरुस्त होते. काही दिसलं नाही हे सांगायला आता कोणी घाबरत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या खोलीतही तीच स्लाइड उघडते. काच फुटत नाही, रंग उडत नाहीत.

पण एक धोका मला स्पष्ट दिसतो आहे आणि तो सांगण्यासाठीच मी आज उभा आहे. स्लाइड संगणकावर चढवली की आपला पहिला मोह असतो बाण काढण्याचा. इथे ग्रॅन्युलोमा, इथे नेक्रोसिस, इथे जायंट सेल. विद्यार्थी बाणांवरून बाणांवर उड्या मारतो आणि सगळं समजलं असं त्याला वाटतं. उद्या त्याच्यासमोर रुग्णाची स्लाइड येईल तेव्हा तिच्यावर बाण नसतील. केसाचा पॉइंटर काढून आपण रंगीत बाण लावला, तर आपण काय कमावलं? पॅथॉलॉजिस्टचं खरं कसब शोधण्यात आहे. आधी चार एक्सवर सगळा सेक्शन फिरायचा, रचना कुठे बिघडली आहे ते हेरायचं आणि तिथेच थांबून पुढचा ऑब्जेक्टिव्ह लावायचा. नवशिका थेट चाळीसवर जातो आणि झाडं मोजत जंगलात हरवतो.

संगणकाचा सर्वांत मोठा उपयोग मला इथेच दिसतो. विद्यार्थ्यानं स्लाइडवर कुठून सुरुवात केली, कोणत्या विवर्धनावर किती वेळ थांबला, कोणता कोपरा पाहिलाच नाही, याची नोंद ठेवण्याची सोय पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करता येते. विद्यार्थ्याची नजर कुठून कशी फिरली, हे शिक्षकाला याआधी कधीच कळत नव्हतं. त्याला फक्त उत्तर कळायचं. आता “दिसलं का?” या प्रश्नाच्या जागी “तू कुठे कुठे पाहिलंस?” असं विचारता येईल. उत्तर बरोबर आलं पण अर्धा सेक्शन न पाहता आलं, तर त्या विद्यार्थ्याला थांबवून शिकवता येईल.

मोजण्याचंही तसंच आहे. दहा हाय पॉवर फील्डमध्ये किती मायटोसिस, असं आपण वर्षानुवर्षं लिहीत आलो. पण आयपीसचा फील्ड नंबर अठरा असेल तर चाळीस एक्सवर वर्तुळाचा व्यास ०.४५ मिलिमीटर असतो आणि बावीस असेल तर ०.५५. क्षेत्रफळात जवळपास दीडपट फरक पडतो. म्हणजे दोन टेबलांवरच्या दोन विद्यार्थ्यांची मोजणी प्रामाणिक असूनही जुळणार नाही. पडद्यावर चौरस मिलिमीटर आखून मोजता येतं. क्यूपाथ, इमेजजे यांसारखी साधनं मोफत मिळतात. ती प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती द्या; मात्र आधी शंभर पेशी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी मोजायला लावा. तरच यंत्रानं लिम्फोसाइटला ट्यूमरची पेशी धरलं, हे त्याला ओळखता येईल. यंत्रबुद्धीच्या या काळात चूक पकडणारा डोळा तयार करणं हे आपलं काम आहे.

म्हणूनच मायक्रोस्कोप अडगळीत टाकू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. स्कॅन बहुधा एकाच पातळीवर फोकस झालेला असतो. जाड सायटॉलॉजी स्मिअरमध्ये किंवा थुंकीत क्षयाचे जंतू शोधताना फाइन फोकसवर बोटं फिरवावीच लागतात. आपला विद्यार्थी उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला तर मलेरियाचा स्मिअर त्याला काचेवरच पाहायचा आहे. फॉर्मलिन, पॅराफिनचा ब्लॉक, मायक्रोटोम, तीन-चार मायक्रॉनचा सेक्शन, हेमॅटॉक्झिलिन आणि इओसिन हा सारा प्रवास त्यानं एकदा तरी हातानं केला पाहिजे. घडी पडलेला सेक्शन कसा दिसतो, हे ज्याला ठाऊक नाही तो घडीलाच रोग समजेल.

पडद्यावर आणखी एक गोष्ट साधते. म्युझियमच्या जारमधला नमुना आणि त्याची स्लाइड शेजारी-शेजारी ठेवता येतात. अशा नमुन्यांसाठी आपल्या शास्त्रात वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच उपमा युरोपच्या स्वयंपाकघरातून आल्या. काही आपल्याला परक्या वाटतात, पण सगळ्या नाहीत. अमायलॉइडच्या प्लीहेला साबुदाण्याची उपमा आहे आणि साबुदाणा आपल्या प्रत्येक घरात भिजतो. रक्त तुंबलेल्या यकृताला जायफळाची उपमा आहे आणि कोकणातल्या मुलानं जायफळ झाडावर पाहिलेलं असतं. नमुना दाखवा, मराठीत त्याचं वर्णन करू द्या, मग स्लाइडवर या. ज्याला आपल्या भाषेत पाहता आलं, त्याला इंग्रजीत लिहिणं जड जात नाही.

आणि स्लाइड आपल्या असू द्या. परदेशी विद्यापीठांचे संग्रह उत्तम आहेत, पण आपल्या ओपीडीत येणारा माणूस त्यांत अभावानंच भेटतो. डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी मुंबईत बसून कुष्ठरोग आणि तोंडाचा कर्करोग अभ्यासला, कारण ते आजार इथल्या माणसांचे होते. विदर्भातला सिकलसेल, सुपारीनं आखडलेलं तोंड, क्षय, कुष्ठ, संधिवाताच्या तापानं बाधलेल्या हृदयाच्या झडपा हे सगळं आपल्या कपाटांत धूळ खात आहे आणि दरवर्षी फिकट होत आहे.

म्हणून तुमच्याकडे तीन मागण्या करतो. पहिली मागणी स्कॅनरची. तो महाग आहे. विभागवार एक घेऊ आणि स्लाइडच्या पेट्या तिथे पाठवू. तोवर आयपीसला मोबाइल लावून काढलेल्या चित्रांवर सुरुवात करू. दुसरी मागणी, प्रत्येक स्लाइडबरोबर वय, तक्रार, व्यवसाय, सवयी अशी हकिकत ठेवू. पण लेबलवरचं नाव आणि नोंदणी क्रमांक स्कॅन करण्याआधी झाकू. त्या माणसाचा विश्वास जपणं हे आपल्यावरचं ऋण आहे. तिसरी, प्रत्येक स्लाइड आधी बाणांशिवाय द्यायची. विद्यार्थ्यानं स्वतःची खूण केल्यावरच शिक्षकाची खूण उघडेल.

या अधिवेशनातून परत गेल्यावर उद्याच्या प्रॅक्टिकलला एक करून पाहा. स्लाइड पडद्यावर लावा, बोट ठेवू नका आणि पाच मिनिटं गप्प बसा. एखादा विद्यार्थी बाकावरून उठेल, पडद्याजवळ येईल आणि स्वतःचं बोट ठेवून म्हणेल, “सर, हीच ना ती?” ते ऐकायला मी चाळीस वर्षं थांबलो होतो.