चुन्याशिवायची भिंत
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तू एकटीच पेरू देशात जाऊन आलीस, त्यावर बोल.’ त्यावर मागच्या रांगेतून आवाज आला, ‘पेरू खायला एवढ्या लांब?’ मागच्या बाकाची सवय अजून गेलेली नाही तुमची!

भूगोलाच्या तासाला सरांनी फळ्यावर दक्षिण अमेरिका काढली आणि तिच्या पश्चिम काठानं खडूची जाड रेघ ओढली. म्हणाले, ‘हा अँडीज.’ ती रेघ माझ्या डोक्यातून कधी पुसली गेली नाही. नोकरीतून मोकळी झाले आणि पहिलं तिकीट काढलं ते कुस्कोचं.

कुस्को ही इंका लोकांची राजधानी. १५३३ मध्ये ती स्पॅनिशांनी घेतली. आज माचूपिचू बघायला जाणारे बहुतेक लोक आधी इथे उतरतात. उंची सुमारे ३,४०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त. समुद्रकाठच्या लिमाहून विमान सव्वा तासात तिथे नेऊन सोडतं. पहिल्या संध्याकाळी चार पायऱ्या चढले तर धाप लागली. रात्री डोकं फुटायला आलं, उलट्या झाल्या. इथे काही झालं तर घरी कळवणार कोण, या विचारानं, खरं सांगते, मी घाबरले. लॉजची मालकीण कोकाच्या पानांचा चहा घेऊन आली आणि उशाशी बसून राहिली. ना तिला माझी भाषा येत होती, ना मला तिची.

सकाळी तिचे वडील अंगणात गालात पानं धरून बसले होते. सोबत राखेचा खडा. त्या पानांचा गुण उतरायला राख लागते, काही भागांत चुना. मला हसू आलं. तंबाखूला चुना का लागतो, हे राजूरच्या पोरीला कोणी शिकवायला नको.

मग चौकात गेले. कोरीव लाकडी सज्जे, दगडी चर्च, सगळं सुंदर. पण दहा पावलं चालू देत नाहीत. कोणी मसाजला बोलावतं, कोणी सहलीला, कोणी लोकरीची टोपी पुढे करतं. हे गाव आहे की दुकान, असं वाटलं. रंगीत घागरा घातलेली एक बाई अल्पाकाचं पिल्लू कडेवर घेऊन उभी होती. मी फोटो काढला. तिनं हात पुढे केला, दोन सोल मागितले. मी वैतागले. फोटोलाही पैसे? न देताच पुढे निघाले.

जवळच हातुन रुमियोक नावाची गल्ली आहे. तिथे इंकांची भिंत आहे. त्यात बारा कोनांचा एक दगड. शेजारचे सगळे दगड त्याच्या प्रत्येक कोनाला असे घासून बसवलेत की फटीत पातं जात नाही. १९५० च्या भूकंपात याच शहरात सांतो डोमिंगो चर्चची मोठी पडझड झाली, पण त्याच्या खालच्या इंकांच्या भिंती उभ्या राहिल्या. मी भिंतीला हात लावला. सांध्यात चुना नाही. कणभरही नाही.

आणि तिथे मला माय आठवली.

माझी माय चुनाभट्टीवर होती, हे तुमच्यातल्या अनेकांना माहीत आहे. एकदा बाहेरून एक कॅमेरावाला आला. डोक्यावर घमेलं, तोंड चुन्यानं पांढरं, अशा मायला त्यानं ‘तशीच उभी राहा’ म्हटलं. दोन-तीन फोटो काढले आणि निघून गेला. माय पुढे कितीतरी दिवस विचारायची, ‘फोटू आला का वं?’ तो कधी आला नाही. आज माय नाही, आणि भट्टीवरचा तिचा एकही फोटो आमच्या घरात नाही.

मी चौकात परत गेले. ती बाई दिसली नाही. दुसऱ्या दिवशी सापडली. दहा सोल दिले आणि मोबाईलवर तिचा फोटो दाखवला. तिनं तो बराच वेळ निरखला, मान हलवली, टोपी सरळ केली आणि खुणेनं दुसरा काढायला सांगितलं. तो छापून घेतला आणि निघायच्या आधी तिला नेऊन दिला.

माचूपिचूही पाहिलं. त्याचे फोटो जेवणानंतर दाखवते.

पण त्याआधी एक विनंती. तुमच्यापैकी कोणाच्या घरी, जुन्या पेटीत, त्या काळातल्या भट्टीचा एखादा फोटो असेल तर मला दाखवा. त्यातल्या बाईचं तोंड चुन्यानं भरलेलं असलं तरी चालेल. मी हातांवरून ओळखीन.