उघडा काढा, झाकलेला फांट



वर्धा जिल्ह्यात चहाचा विषय निघाला की सेवाग्रामचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. 1936 च्या एप्रिलअखेर महात्मा गांधी वर्ध्यानजीकच्या शेगावी राहावयास आले. त्या गावास 1940 पासून सेवाग्राम म्हणू लागले. पुढे 1942 मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात त्यांनी आरोग्यावर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात चहाची शरीरास गरज नाही, असे त्यांनी स्पष्टच म्हटले आहे. मात्र त्याच प्रकरणातील दुसऱ्या गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गाळणीत थोडी पत्ती ठेवून वरून उकळते पाणी ओतावे, पाण्यास सोनेरी छटा येते, असा चहा निरुपद्रवी होय, असे चीनची रीत सांगताना ते लिहितात. त्यांचा मुख्य आक्षेप पत्तीतून पाण्यात उतरणाऱ्या टॅनिनवर होता, कारण त्याच द्रव्याने कातडे कमावतात. कापडाच्या धंद्यातील मंडळींनाही टॅनिन परके नाही. सुती कापडावर रंग पक्का बसावा म्हणून छपाईपूर्वी ते हिरड्याच्या पाण्यात भिजवतात, ते हिरड्यातील टॅनिनसाठीच. कापडावर जो गुण, तो पोटात गुणच ठरेल असे नाही.

वनस्पतींच्या पेयांसंबंधी हाच विवेक आयुर्वेदाने फार पूर्वी सांगून ठेवला आहे. शार्ङ्गधर संहितेत क्वाथ, फांट आणि हिम हे तीन निरनिराळे प्रकार दिलेले आहेत. घरोघरी मात्र तिन्हींना सरसकट काढा म्हणतात आणि तेथेच चूक होते. क्वाथासाठी भरडलेल्या औषधाच्या सोळापट पाणी घ्यावे व ते मंद अग्नीवर आटवून अष्टमांश उरवावे. म्हणजे चार तोळे औषधास चौसष्ट तोळे पाणी, आणि शेवटी हाती आठ तोळे. भांडे उघडे ठेवावे. साली, मुळे, काष्ठे यांना ही रीत मानवते. पाने-फुले तशी उकळली तर त्यांचे सत्त्व वाफेबरोबर निघून जाते. गवती चहाचा सुगंध स्वयंपाकघरभर दरवळला म्हणजे पेय उत्तम झाले, असे गृहिणीस वाटते. वस्तुतः तितका सुगंध पेल्यातून वजा झालेला असतो! तुळस व गवती चहा यांचा फांटच करावा. पाणी उकळून खाली उतरवावे, पाने कुस्करून टाकावीत, झाकण ठेवावे आणि पाच-सात मिनिटांनी गाळावे.

श्रावकांच्या घरी ओले आले कंदमुळात गणले जाते, म्हणून सुंठ वापरतात. सुंठीची भरड मात्र मंद आचेवर दहा मिनिटे राहू द्यावी. मधही वर्ज्य; त्याऐवजी थोडा गूळ किंवा खडीसाखर पुरते. मध उष्ण करू नये, असे आयुर्वेदानेही सांगितलेच आहे.

आता थोडे कटू बोलणे आवश्यक आहे. 2020 च्या कोरोना साथीत आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ व मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा घेण्यास सुचविले. कित्येक घरांत तो चार-चार वेळा, तोही काळाकुट्ट होईपर्यंत आटवून घेतला गेला. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले, तर मंत्रालयाने वनस्पतीची ओळख चुकली असावी असे म्हटले. तो वाद तज्ज्ञांनी सोडवावा. परंतु कुंपणावरची वेल ओळख पटल्यावाचून तोडून आणू नये, एवढे तर कोणासही कळते. ज्येष्ठमध गोड, म्हणून तो निरुपद्रवी समजला जातो. रोज व अधिक प्रमाणात घेतल्यास त्याने रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते. बाजारच्या तयार काढ्याच्या पुडीत तो पुष्कळदा असतो. रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या वडीलधाऱ्यांची पुडी डॉक्टरांना दाखविलीच पाहिजे. हे घरचेच आहे, त्यात काय सांगायचे, असे म्हणून ती लपवू नये.

राहिला हिम. वर्ध्याच्या वैशाखात पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हा मिरी-दालचिनीच्या काढ्याचे प्रयोजन काय? त्या दिवसांत शार्ङ्गधराने तृष्णा व अंतर्दाहावर सांगितलेला धन्यांचा हिम घ्यावा. धने भरडून सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजू द्यावेत आणि सकाळी गाळून, खडीसाखर घालून प्यावे. पाणी आधी उकळून निववलेले असावे. ज्या घरांत रात्रीचे भिजवलेले चालत नाही, तेथे धने सकाळी भिजवून सूर्यास्तापूर्वी ते पाणी घ्यावे. स्वाद थोडा हलका लागतो, इतकेच.