मधल्या फळीतला सेनानी : खालिद जमील

ऑक्टोबर २०१७ मध्ये आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने रंगले. परंतु त्याच वर्षीचा भारतीय फुटबॉलमधील खरा पराक्रम, माझ्या मते, खालिद जमील यांचा होय. कुवेतमध्ये जन्मलेल्या, महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडिया यांच्या मधल्या फळीत खेळलेल्या व दुखापतींनी गांजल्यामुळे अकाली निवृत्त झालेल्या जमील यांनी २००९ पासून सुमारे ७ वर्षे मुंबई एफसीच्या प्रशिक्षकपदाची धुरा वाहिली. तेथून मुक्त झाल्यावर, आदल्या हंगामात आय-लीग या राष्ट्रीय साखळी स्पर्धेतून खालच्या श्रेणीत ढकलला जाऊन पुन्हा दाखल करून घेतलेला मिझोरामचा आयझॉल संघ त्यांनी हाती घेतला आणि जयेश राणे, आशुतोष मेहता हे मुंबईकर गडीही त्या संघात आले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला अखेरच्या सामन्यात प्रारंभीच एका गोलने पिछाडीवर पडलेल्या आयझॉलला उत्तरार्धात विल्यम लाल्नुनफेलाने बरोबरी साधून दिली, आणि तेवढ्या बळावर ईशान्य भारताकडे आय-लीगचे अजिंक्यपद प्रथमच गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदी मुक्रर झाले. या पदावर पुन्हा भारतीय माणूस यायला एका तपाहून अधिक काळ लोटावा लागला!