कॉलेजची इमारत आणि विद्यार्थ्याचें छप्पर

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर तिवसा हें गांव आहे. रेल्वे या गांवास लाभली नाहीं. आगगाडी दक्षिणेकडून चांदूर, धामणगांव, पुलगांव अशी जाते. पूर्वेस वर्धा नदी ओलांडली कीं वऱ्हाड संपतें. १९२३ मध्यें अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघालें. तोंपर्यंत येथील मुलास पदवीपर्यंत शिकावयाचें तर नागपूर, पुणें किंवा मुंबई गांठावी लागे. असा मुलगा ट्रंक व वळकटी घेऊन कॉलेजच्या दारांत उभा राहिला, म्हणजे त्याला कोणकोणत्या इमारतींची गरज असे? मिशनऱ्यांनीं काढलेल्या कॉलेजांकडे या दृष्टीनें पाहिलें असतां पुष्कळ शिकण्यासारखें आढळतें.

नागपुरांतील असें कॉलेज म्हणजे हिस्लॉप कॉलेज. स्कॉटलंडहून आलेले पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनीं १८४६ मध्यें नागपुरास शाळा काढली. त्यांच्या नांवाचें कॉलेज १८८३ मध्यें सुरू झालें. मॉरिस कॉलेज त्यानंतर दोन वर्षांनीं निघालें. हिस्लॉप हे धर्मोपदेशक होते, तसेच भूगर्भशास्त्राचे व्यासंगी अभ्यासकहि होते. नागपूरच्या आसपासच्या खडकांतून त्यांनीं प्राचीन जीवांचे अवशेष जमविले, आणि गोंडादि जमातींच्या बोली व चालीरीति टिपून ठेवल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटजवळचीं प्राचीन शिळावर्तुळें पाहून परतत असतां पूर आलेल्या ओढ्यांत त्यांचा अंत झाला. त्यांचे निबंध सर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ मध्यें प्रसिद्ध केले. ज्या कॉलेजला अशा पुरुषाचें नांव आहे, त्याला केवळ व्याख्यानाची खोली पुरणार नाहीं हें उघड आहे. दगड हातांत घेऊन पाहावयाचा तर संग्रहालय हवें, पारखावयाचा तर प्रयोगशाळा हवी, आणि त्याविषयीं इतरांनीं काय लिहिलें तें वाचावयाचें तर ग्रंथालय हवें.

मुंबईस विल्सन कॉलेजची इमारत गिरगांव चौपाटीच्या समुद्राकडे तोंड करून उभी आहे. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ मध्यें काढलेल्या शाळेंतून हें कॉलेज वाढलें. गॉथिक पद्धतीची ही दगडी वास्तु जॉन ॲडम्स या वास्तुशिल्पज्ञानें आंखली व ती १८८९ मध्यें पुरी झाली. टोंकदार कमानी आणि उंच छप्पर पाहून येणारा जाणारा आजहि क्षणभर थबकतो. परंतु या कॉलेजचा पाया घालणें दगडापेक्षां कठीण होतें. १८३९ मध्यें विल्सन यांच्या शाळेंतील दोन पारशी तरुणांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां शहरांत मोठा गहजब उडाला, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि पालकांनीं आपलीं मुलें शाळेंतून काढून घेतलीं. दिवसाचे चार तास मूल तेथें पाठविणें जड वाटे, तर रात्रंदिवस त्याच छपराखालीं ठेवण्यास कोणतें घर सहजीं तयार होईल?

तथापि गेलेला विश्वास हळूहळू परत आला. दापोलीस शालेय शिक्षण घेऊन आलेले पांडुरंग वामन काणे याच विल्सन कॉलेजांत शिकले. पुढें त्यांनीं धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहिला व १९६३ मध्यें ते भारतरत्न झाले. कॉलेजजवळच विद्यार्थ्यांचें वसतिगृह उभें राहिलें. प्राचार्य डुगाल्ड मॅकिकन, जे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुहि होते, त्यांचें नांव त्याला दिलें गेलें. मुलींच्या वसतिगृहास पंडिता रमाबाईंचें नांव मिळालें. चौपाटीवरून मोठी इमारत सर्वांस दिसते. हीं वसतिगृहें फारसें कोणी पाहावयास जात नाहीं. पण परगांवच्या मुलाला कॉलेजचें खरें दार तेंच असतें. खाट, दिवा आणि दोन वेळचें जेवण यांची सोय नसली, तर उत्तम प्रयोगशाळा त्याच्या काय कामाची?

मुलास शहरांत आणण्याऐवजीं कॉलेजच जिल्ह्यांत नेणें, हा दुसरा मार्ग. विल्सन कॉलेजांत प्राध्यापक असलेले मराठी ख्रिस्ती विद्वान डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं तो धरिला, आणि १९४७ मध्यें अहमदनगर कॉलेज सुरू केलें. खुद्द वऱ्हाडांत, यवतमाळ येथें, १९५३ मध्यें युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था या नांवानें उभी राहिली. १९८३ मध्यें ती पुण्यास गेली. संस्था उठून दूर गेली, कीं जवळच्यांचा मार्ग पुन्हां लांबतो.

छपराचें मोल ओळखणारा एक पुरुष याच अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं जन्मला. श्रीगाडगेबाबांनीं यात्रेकरूंसाठीं ठिकठिकाणीं धर्मशाळा बांधल्या. त्यांपैकीं पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनीं १९४९ मध्यें डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठीं देऊन टाकिली. वारकऱ्यास एका रात्रीचा निवारा लागतो, विद्यार्थ्यास चार वर्षांचा. एवढाच काय तो फरक.

आतां अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ आहे, आणि तिवशाहून शहरास जाणाऱ्या मोटारीहि आहेत. तरी रस्त्यापासून आंत असलेल्या खेड्यांतील मुलीची अडचण संपलेली नाहीं. विज्ञानाचें प्रात्यक्षिक दुपारीं असतें. तें संध्याकाळपर्यंत लांबलें, तर शेवटची गाडी चुकते. गाडी चुकण्याच्या भयानें ती प्रयोग अर्धा टाकून निघते, किंवा आईवडील तिला विज्ञानशाखेंतच घालीत नाहींत. तिच्या शिक्षणाचा निकाल गुणांवर न लागतां मोटारीच्या वेळापत्रकावर लागतो.

शहरांतील सुस्थित कुटुंबें वडिलांच्या स्मरणार्थ कॉलेजास देणगी देतात, तेव्हां सभागृह व त्यावरील संगमरवरी पाटी त्यांच्या मनांत प्रथम येते. सभागृह वाईट असें कोण म्हणेल? परंतु देणगीचा आंकडा घालण्यापूर्वीं प्राचार्यांस एक प्रश्न अवश्य विचारावा: वसतिगृहांत खाटा किती आहेत, आणि यंदा किती मुलामुलींस जागेअभावीं परत पाठवावें लागलें? मिळणाऱ्या उत्तरावरून पैसा कोठें घालावा हें ठरविणें कठीण जाणार नाहीं.