खिशातले फुटाणे आणि ताटातली भाकरी



लोणी भापकरसारख्या कमी पावसाच्या गावात भाकरीवर व्याख्यान देणे हे धाडसच. तिचे मोल तुम्हांला मी काय सांगणार? परंतु भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या आपल्या मुलांच्या हातांत हल्ली प्रथिनांची वडी आणि घरी भुकटीचा डबा दिसतो. त्याविषयी बोलणे अवश्य आहे.

भुकटी म्हणजे विष नव्हे. चीज करताना दुधाची जी निवळी उरते, तिच्यातील प्रथिने वाळवून यांतली बरीचशी भुकटी होते. गंमत पाहा : आपण धार काढून दूध डेअरीला घालतो, घरात चहापुरते ठेवतो आणि मग दुधाचेच सत्त्व चढ्या दामाने विकत आणतो!

गरज तरी किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली वजनाच्या दर किलोस रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली. म्हणजे साठ किलोच्या माणसास सुमारे पन्नास ग्रॅम. आता हिशेब करा. दोन वेळची मिळून दोनशे ग्रॅम बाजरी, पन्नास ग्रॅम मटकी किंवा हुलगे, मूठभर शेंगदाणे, पाव लिटर दूध आणि थोडे पिठले. पन्नास भरले! शिवाय धान्यात जे उणे, ते डाळीत असते; डाळीत जे उणे, ते धान्यात. कसून मेहनत करणाऱ्यास अधिक लागते. त्याने अंडी, दूध, उसळ वाढवावी. शरीर कमावण्यासाठी भुकटी टाळा, असे याच संस्थेने २०२४ साली बजावले आहे.

मग वडी खाऊच नये काय? एस.टी. चुकेल अशा घाईत काहीतरी खिशात हवेच. पण वेष्टनावर दहा ग्रॅम प्रथिने छापलेली असतील, तर साखर किती तेही वाचा. पन्नास ग्रॅम दाणे-फुटाणेही तेवढीच प्रथिने देतात. खिशातला खाऊ वेळ निभावण्यासाठी; जेवणाची जागा त्याला देऊ नये.

शेवटी एक अवघड प्रश्न. मटकी भिजवायची कोणी? घरच्या अन्नाची थोरवी गायची आणि भार एकट्या माउलीवर टाकायचा, हा न्याय नव्हे. ती थकली म्हणूनच डबा घरात आला, हेही खरे. ज्या मुलाला ताकद हवी, त्याने रात्री निजण्यापूर्वी मूठभर मटकी स्वतः भिजत घालावी. एवढे या गावात आजपासून घडले, तरी माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.